पदव्यांतील स्त्री-पुरुष तफावत : आलेख कसा वाचावा?

अमेरिकेत पदवीधर होणाऱ्यांमध्ये स्त्रियांचा वाटा १९७० साली सुमारे ४३ टक्के होता. १९८२ च्या सुमारास त्याने निम्म्याची सीमा ओलांडली आणि २०११ पर्यंत तो ५७ टक्क्यांवर गेला. या आकड्यांवरून तफावत मिटल्याचे वाटते. विद्याशाखानिहाय आलेख मात्र वेगळे चित्र दाखवितात. त्यांसाठीची आकडेवारी तेथील राष्ट्रीय शैक्षणिक सांख्यिकी केंद्र प्रसिद्ध करते.

आलेखाची रचना

प्रत्येक शाखेचा स्वतंत्र, लहान रेषालेख काढून ते शेजारी शेजारी मांडतात. आडव्या अक्षावर वर्षे, उभ्या अक्षावर ० ते १०० टक्के. स्त्रियांची एक रेषा, पुरुषांची दुसरी. दोहोंमधील अंतर हीच तफावत. सर्व आलेखांचे प्रमाण एकच ठेवावे लागते, अन्यथा किरकोळ बदलही मोठा भासतो. लाल-हिरव्या रंगांतील फरक काहींना ओळखता येत नाही. म्हणून निळा व नारिंगी हे रंग सोयीचे.

रेषा काय सांगतात?

व्यवस्थापन शाखेत स्त्रियांचा वाटा सुमारे ९ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर आला. दोन्ही रेषा जवळजवळ मिळाल्या. मानसशास्त्रात तो ४४ वरून ७७ टक्क्यांवर गेला. रेषांनी एकमेकींना छेद दिला. अभियांत्रिकीत एक टक्क्याहून कमी असलेला वाटा वाढूनही २०११ मध्ये १८ टक्क्यांच्या आतच होता. याउलट आरोग्यसेवा व शिक्षणशास्त्र या शाखांत पुरुषांचे प्रमाण आधीच कमी होते, ते आणखी घटले.

सर्वांत लक्षवेधी रेषा संगणकशास्त्राची. १९७० मधील सुमारे १४ टक्क्यांवरून ती १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांपर्यंत चढली आणि २०११ पर्यंत १८ टक्क्यांच्या आसपास घसरली. केवळ पहिले व शेवटचे वर्ष पाहिले, तर हा चढउतार दिसतच नाही.

वाचताना घ्यावयाची काळजी

टक्केवारी म्हणजे संख्या नव्हे. पुरुष पदवीधर अधिक वेगाने वाढले, तर स्त्रियांची संख्या वाढूनही त्यांचा वाटा घटतो. शिवाय आलेख बदल दाखवितो, कारण सांगत नाही; त्यासाठी प्रवेश, शुल्क, नोकऱ्या व सामाजिक अपेक्षा यांचा स्वतंत्र अभ्यास हवा.

भारतात २०१०-११ पासून होणाऱ्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात राज्यनिहाय आणि शाखानिहाय स्त्री-पुरुष आकडे वेगवेगळे दिलेले असतात. त्यांवरून असेच आलेख आपल्या राज्यासाठीही काढता येतात.