मातृकुळाचा शोध

मराठी वाचकाला वंशावळ परिचित आहे, ती मुख्यतः वतनाच्या कागदांतून. वतनावरील हक्क शाबीत करावयाचा किंवा भाऊबंदांचा तंटा तोडावयाचा म्हणजे मूळ पुरुषापासूनची परंपरा लिहून द्यावी लागे. तीत पुरुषामागून पुरुष येतात. स्त्रियांची नावे क्वचितच, कारण हक्काच्या पुराव्याला त्यांचे प्रयोजन नव्हते. परंतु ज्या शोधाच्या शेवटी ना वतन आहे ना मानपान, तो शोध माणसे कशासाठी करतात? मिश्रवंशीय घराण्यांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर विशेष स्पष्टपणे सापडते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनीच्या अनेक नोकरांनी हिंदी स्त्रियांशी संसार मांडले होते. १७९१ साली कंपनीने हिंदी मातेच्या पुत्रांना आपल्या मुलकी व लष्करी अधिकारपदांची दारे बंद केली, आणि आईची ओळख ही मुलांच्या वाटेतील अडचण होऊन बसली. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचे नाव व हुद्दा येई; आई मात्र पुष्कळदा निनावीच राही. दुर्बा घोष यांनी २००६ च्या आपल्या ग्रंथात या निनावीपणाचाच मागोवा घेतला आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३६६ (२) मधील अँग्लो-इंडियनाची व्याख्याही पितृपरंपरेवरच उभी आहे. अशा घराण्यातला शोध म्हणूनच बहुधा आईचा शोध ठरतो.

हैदराबादचा रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक आणि तेथील उमराव घराण्यातील खैरुन्निसा यांच्या कन्येची कथा या दृष्टीने बोलकी आहे. १८०२ साली जन्मलेली साहिब बेगम १८०५ साली भावासह इंग्लंडला पाठविली गेली. तेथे बाप्तिस्मा होऊन ती कॅथरिन, म्हणजे किटी झाली. त्याच वर्षी वडील कलकत्त्यास वारले. आई १८१३ साली निवर्तली. निघण्यापूर्वी मद्रासेत जॉर्ज चिनरीने काढलेले दोघा भावंडांचे चित्र पुढे किटीला इंग्लंडातल्या एका घरात अकस्मात दिसले, आणि तिला रडू आवरेना. त्यानंतर १८४१ च्या सुमारास हैदराबादेतील आजी शरफुन्निसा हिच्याशी तिचा पत्रव्यवहार सुरू झाला. आजीची पत्रे फार्सी, नातीची इंग्रजी. ताटातुटीच्या वेळचा आईचा आक्रोश आणि ती बसली होती ती जागा आपल्याला अजून दिसते, असे किटीने कळविले. आपण लिहिले तरी पत्र अडवून ठेवले जाईल, या समजुतीने ती इतकी वर्षे गप्प राहिली होती. दोघींची भेट अखेरपर्यंत झाली नाही.

या पत्रांनी किटीला काय दिले? संपत्ती नव्हे, प्रतिष्ठाही नव्हे. तीन वर्षांच्या मुलीच्या मनात उरलेली एक प्रतिमा खरी होती, याची साक्ष देणारे दुसरे माणूस तिला मिळाले. पलीकडे आपल्याला कोणी विसरले नव्हते, हे तिला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळले. दुःख नाहीसे झाले नाही. ते वाटून घेणारे कोणी लाभले.

ही कथा विल्यम डॅलरिंपल यांनी २००२ साली ‘व्हाइट मुघल्स’ या ग्रंथात विस्ताराने मांडली. तिचा अभ्यास करताना त्यांना स्वतःच्या पूर्वजांतही चंद्रनगरची एक बंगाली हिंदू स्त्री आढळली. घरात तिची आठवण उरली नव्हती.

असे शोध नेहमी नावापर्यंत पोहोचतात असे नाही. पुष्कळदा नोंदवहीतील मोकळ्या जागेपाशीच ते थांबतात. तरीही वंशजाच्या दृष्टीने ती जागा आता पूर्वीसारखी रिकामी नसते. तेथे कोणी एक बाई होती, तिने मूल वाढविले आणि कदाचित ते दुरावतानाही पाहिले, एवढे तो जाणतो. वतनाच्या वंशावळीत न मावणारे हे नाते मनाने स्वीकारणे, हेच या शोधाचे फळ होय.