घसरवण्याची घडण : जपानी घाट, हाचिरोकु आणि सस्पेन्शनचा इतिहास

मराठीत घसरणे आणि घसरवणे ही दोन निराळी क्रियापदे आहेत, आणि ‘ड्रिफ्टिंग’ या मोटार-क्रीडेचा सगळा इतिहास त्या दोहोंमधल्या अंतरात मावतो. वळणावर मागच्या चाकांची पकड मुद्दाम सोडवायची, पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला धरायची आणि गाडी आडवी ठेवून वळण पार करायचे, असा हा खेळ. तो इंजिनाच्या ताकदीचा खेळ आहे अशी सर्वसाधारण समजूत दिसते. मला मात्र त्याचा खरा इतिहास गाडीच्या पोटाखाली, स्प्रिंगा, शॉकअप आणि टाय रॉड यांच्या निवडीत सापडतो.

या शैलीचे जनकत्व सहसा कुनिमित्सु ताकाहाशी यांना दिले जाते. मूळचे मोटारसायकलस्वार, १९६१ साली पश्चिम जर्मनीत होंडावर ग्रां प्री जिंकणारे पहिले जपानी. १९७० च्या दशकात ते शर्यतीच्या मोटारी वळणातून घसरवत नेत. त्यांचे पाहून केइची त्सुचिया या तरुणाने तेच तंत्र डोंगरातल्या रस्त्यांवर उतरवले. जपानीत अशा रस्त्याला ‘तोगे’ म्हणतात. आपला ‘घाट’ हा शब्द त्याच्या फार जवळचा आहे. १९८७ साली निघालेल्या ‘प्लसपाय’ या चित्रफितीने त्सुचियांचे नाव सर्वतोमुखी केले. त्यांची गाडी होती टोयोटाची एई-८६, म्हणजे लाडक्या नावाने ‘हाचिरोकु’, आठ-सहा.

ही गाडी १९८३ ते १९८७ या काळात बनली. इंजिन १.६ लिटरचे, ताकद सुमारे १३० अश्वशक्ती. मागची चाके एकाच अखंड ॲक्सलवर. हा ॲक्सल चार दांड्यांनी पुढे-मागे आणि एका आडव्या दांडीने डावी-उजवीकडे धरलेला. रचना जुनाट, पण गाडी हलकी, मागच्या चाकांवर चालणारी आणि जुन्या बाजारात पोरांच्या खिशाला परवडणारी. घाटांतले ड्रिफ्टिंग वाढले ते अशा हातांत.

ताकद कमी असल्यामुळे गाडी घसरवायला वजनाची हलवाहलव हाच उपाय होता. म्हणून पहिली निवड असे ती कडक, आखूड स्प्रिंगांची. पण एक बदल दुसऱ्याला बोलावून आणतो. गाडी खाली बसवली की ती आडवी दांडी ॲक्सलला एका बाजूला सरकवते; मग लांबी कमी-जास्त करता येणारी दांडी हवी. पुढच्या बाजूला खालच्या दांड्या वर झुकतात, आणि गाडी खाली आणूनही वळणात अधिक कलते; मग तिथे ठोकळे घालून सांधा खाली न्यावा लागे. गॅरेजांमधून हे भूमितीचे धडे लोक गिरवत होते, बहुतेक जण भूमिती हा शब्द न उच्चारता. या खेळाच्या इतिहासात विजेत्यांची नावे भरपूर येतात. हे गॅरेजवाले येत नाहीत, याची मला खंत वाटते.

कायद्याचाही या निवडीवर हात होता. जपानमधली ‘शाकेन’ ही सक्तीची वाहन-तपासणी कडक असते, आणि पूर्वी गाडीत असे बदल करणाऱ्यांची तिथे पंचाईत होई. १९९५ मध्ये नियम सैल झाले आणि स्प्रिंगा, शॉकअप बदलणे पुष्कळ सोपे झाले. जमिनीपासून नऊ सेंटिमीटरची मोकळीक मात्र राखावी लागे. याच दशकात ‘शाकोच्यो’ घरोघरी पोचले. बाहेरून आटे पाडलेली नळी, तिच्यावर फिरणारी कडी, आणि कडी फिरवली की उंची बदलते, अशी ही साधी युक्ती.

तोवर हाचिरोकुची जागा निसानच्या सिल्वियाने घेतली होती. १९८८ च्या सिल्वियात मागची चाके स्वतंत्र, प्रत्येकी अनेक दांड्यांवर तोललेली. तिच्यासाठी पुढे ८ आणि मागे ६ अशी स्प्रिंगांची जोडी रूढ झाली. म्हणजे पुढची स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला आठ किलोंचा भार. मागची मऊ का? इथे या इतिहासातले खरे वळण आहे. टर्बो इंजिनांनी ताकद वाढली तशी मागची चाके घसरवणे सोपे झाले. अवघड झाले ते घसरत असताना गाडीला पुढे ढकलणे. त्यासाठी मागे वजन बसायला हवे, टायर रस्त्याला चिकटायला हवा. घसरण्याच्या खेळातले लोक पकड शोधू लागले! २००१ मध्ये डी-वन ग्रां प्री ही व्यावसायिक मालिका सुरू झाल्यावर हा शोध आणखी तीव्र झाला.

आता अडचण उरली पुढच्या चाकांची. ती पुरेशी वळली नाहीत तर गाडी गर्रकन फिरते. शिवाय मोटारीत वळणाच्या आतले चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळते. ही योजना घोडागाड्यांच्या काळातली. म्युनिकच्या लँकेनस्परगर यांची, पण १८१८ मध्ये लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले रुडॉल्फ ॲकरमन यांनी, आणि ते होते चित्रे व पुस्तके छापणारे प्रकाशक. (प्रकाशनव्यवसायाने मोटारीला दिलेली ही एकमेव देणगी असावी!) उलट स्टिअरिंग धरून आडवे जाताना हा फरक नडतो, चाके जवळजवळ समांतर वळलेली बरी. त्यामुळे पोरांनी चाकाला स्टिअरिंगशी जोडणारा नकल आर्म कापला, आखूड केला आणि पुन्हा वेल्डिंगने जोडला. आर्म आखूड झाला की टाय रॉडच्या तेवढ्याच हालचालीत चाक अधिक वळते. हा जोड ऐन वळणात तुटला तर काय, हा प्रश्न प्रत्येक घाटात सोबत असे. आज एस्टोनियातली वाइसफॅब ही कंपनी असे सुटे भाग नव्याने घडवून विकते, आणि स्पर्धेतल्या गाड्यांची चाके साठ अंशांपलीकडे वळतात.

२०२१ मध्ये टोयोटाने हाचिरोकुचे काही सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. गाडीचे उत्पादन थांबून तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. पहिल्या यादीत मागच्या ब्रेकचे कॅलिपर होते, आणि पुढचे नकल आर्म. कॅलिपर झिजतात, हे समजण्यासारखे आहे. नकल आर्म सहसा झिजत नाहीत. ते कापले गेले होते, असा माझा तर्क आहे.