फाटकावरचा क्रूस

माझ्या नवऱ्याची आजी रोमानियातल्या याश शहरात वाढली. मक्याच्या पिठाची मामालिगा घोटता घोटता ती जुनं काही सांगू लागली, की घरातले सगळे तिच्याभोवती जमायचे. १९४१च्या जूनमध्ये आईनं तिच्या हातात खडू दिला आणि फाटकावर क्रूस काढायला सांगितला. ख्रिस्ती घरं ओळखू यावीत म्हणून गल्लीत कुठे क्रूस, कुठे खिडकीत मरियमची तसबीर लागली होती. शेजारच्या ज्यू शिंप्याचं फाटक तेवढं कोरं राहिलं. "मी क्रूस अगदी सरळ काढला होता गं," आजी म्हणायची, "आईनं शाबासकी दिली."

२९ जूनला शिंप्याला पोलीस मुख्यालयाच्या आवारात नेलं. तिथे हजारो ज्यू गोळा केले होते. कित्येकांना गोळ्या घातल्या. उरलेल्यांना मालगाडीच्या बंद डब्यांत कोंबून भर उन्हात फिरवलं. त्या काही दिवसांत १३,०००हून अधिक माणसं गेली. मारणाऱ्यांत रोमानियन आणि जर्मन सैनिक होते, पोलीस होते आणि गावचे लोकही.

ज्यूद्वेषाचं हे विष जर्मनांबरोबर आलं नव्हतं. 'मुख्य देवदूत मायकेलची सेना' ही संघटना कोद्रेआनु या पुढाऱ्यानं १९२७ साली याशमध्येच उभी केली. हिरव्या सदऱ्यातली ती पोरं आजीच्या वडिलांना आवडायची. ती गावोगाव पायी जात, प्रार्थना म्हणत, पूल आणि चर्च दुरुस्त करून देत. भ्रष्ट पुढाऱ्यांना विटलेल्या शेतकऱ्याला वाटे, कुणीतरी आपलं आलं. त्याच प्रार्थनेसोबत ज्यूद्वेषही घराघरात पोचला. स्पेनच्या यादवीत मेलेल्या त्यांच्या दोन नेत्यांच्या अंत्ययात्रेत, १९३७ साली, शेकडो धर्मगुरू चालले. त्याच वर्षअखेरच्या निवडणुकीत त्यांचा पक्ष तिसरा आला. पुढच्या वर्षी राजाच्या राजवटीनं कोद्रेआनुला ठार केलं. जानेवारी १९४१मध्ये हुकूमशहा अंतोनेस्कुनं कोद्रेआनुच्या सेनेचं बंड मोडलं. पण 'खरा रोमानियन तो ऑर्थोडॉक्सच' हा विचार कुणी मोडला नाही. याशचा संहार झाला तो अंतोनेस्कुच्याच राज्यात.

याशच्या ज्यूंना कोंबलेली एक मालगाडी रात्री रोमान स्थानकात थांबली. तिथल्या रेडक्रॉसच्या प्रमुख विओरिका अगारिच यांनी डब्यांतलं कण्हणं ऐकलं आणि हट्टानं आतल्या लोकांना पाणी द्यायला लावलं. त्यापायी गावाचा रोष ओढवला आणि त्यांना गाव सोडावं लागलं. आजी त्यांचं नाव घेताना क्रूसाची खूण करायची.

२०२४च्या नोव्हेंबरमध्ये कोद्रेआनुचा गौरव केलेला उमेदवार अध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत पहिला आला. न्यायालयानं ती निवडणूक रद्द केली. माझ्या सासरच्या तरुण मुलांपैकी काहींनी त्यालाच मत दिलं होतं. महागाई, परदेशी गेलेले आईबाप, पुढाऱ्यांची लबाडी ही त्यांची दुखणी खरी आहेत. आजीच्या वडिलांचीही खरीच होती. म्हणून मी त्या मुलांना शिंप्याची गोष्ट नावनिशीवार सांगते, आणि अगारिचबाईंचीही. देव दोघींचा एकच होता, खडू देणाऱ्या आईचा आणि पाणी देणाऱ्या बाईंचा. त्याच्या नावानं काय करायचं, हे माणसानंच ठरवलं. आणि या मुलांनाही ते स्वतःच ठरवावं लागेल.