वापरलेल्या कागदावरील शाई काढणारी रसायने : एक ऐतिहासिक मागोवा
(अंधेरी, नेपानगर व पुणे यांच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

अंधेरीतील कोणत्याही रद्दीच्या दुकानात वर्तमानपत्रे, मासिके, वह्या, कार्यालयीन कागद आणि पुठ्ठा यांचे गठ्ठे वेगवेगळे बांधलेले दिसतात. प्रत्येक गठ्ठ्याचा भाव निराळा असतो. सर्वसामान्य माणसाला हा भेद केवळ व्यापारी वाटतो. वस्तुतः त्यामागे रसायनशास्त्र आहे. कागद कोणत्या तंतूंचा आहे आणि त्यावर कोणती शाई कशी बसली आहे, यावरून त्या कागदाचे पुढे काय होणार हे ठरते.

कागदनिर्मितीचा इतिहास लिहिताना तंतू, यंत्रे व कारखाने यांची दखल घेतली जाते. छापलेला कागद पुन्हा कोरा करण्याच्या खटपटीकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. शाई अधिकाधिक पक्की करण्याचा छपाईचा प्रयत्न आणि तीच शाई सोडवण्याचा कागद कारखान्यांचा प्रयत्न हे दोन्ही समांतर चालत आले आहेत. त्यांत छपाई नेहमी पुढे राहिली असून रसायने तिच्या मागून धावत आली आहेत, हे दाखवणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

पाण्याने सुटणारी शाई

महाराष्ट्रात हातकागदाची परंपरा जुनी आहे. दौलताबादजवळील कागजीपुरा आणि पुणे जिल्ह्यातील जुन्नर ही तिची प्रसिद्ध केंद्रे होत. या कारागिरांना झाडांच्या सालीपेक्षा जुनी पोती, दोर, चिंध्या आणि जुने कागद हाच कच्चा माल अधिक सुलभ होता. चुना व खार यांच्या पाण्यात तो भिजवायचा, कुटायचा, वाहत्या पाण्यात धुवायचा, असा क्रम असे.

येथे जुन्या कागदावरील शाई ही फार मोठी अडचण नव्हती. त्या काळातील लेखनाची काळी शाई काजळ आणि बाभळीचा डिंक यांची असे. डिंक पाण्यात विरघळतो. तो विरघळला की काजळीचे कण तंतूंपासून सुटतात आणि धुण्यात बरेचसे वाहून जातात. उरलेल्या कणांमुळे कागदाला करडी छटा येई. परंतु ती चालून जात असे. दफ्तरातील मोडी कागदांना ओल लागली की अक्षरे पसरतात, याचेही कारण तेच. जी शाई पाण्याला भिते, तिला काढण्यासाठी वेगळ्या रसायनाची गरज नसते.

तेलाची शाई आणि अल्कली

मुद्रणकलेने हे चित्र बदलले. छापखान्याची शाई काजळी आणि आटवलेले जवसाचे तेल यांपासून बनते. हे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून सुकते व कणांभोवती कडक पापुद्रा धरते. पाण्याचा त्यावर परिणाम होत नाही. युरोपात मुद्रित कागदाचे ढीग साचू लागल्यावर जर्मनीतील गटिंगेन येथील कायदेपंडित युस्टुस क्लाप्रोथ यांनी 1774 मध्ये छापील कागदापासून पुन्हा नवा कागद करण्याच्या कृतीवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. मुलतानी मातीसारख्या, तेल शोषून घेणाऱ्या मातीने लगदा धुवावा, असा त्या कृतीचा गाभा होता. योगायोगाने त्याच वर्षी शील या शास्त्रज्ञाने क्लोरीन वायू प्रथम तयार केला. पुढे विरंजनाचा सारा उद्योग त्यावर उभा राहिला. मात्र क्लोरीन काजळीपुढे निरुपयोगी ठरतो. काजळी म्हणजे शुद्धप्राय कार्बन असल्याने तिचा रंग उडत नाही. ती तंतूंपासून अलग करून बाहेरच काढावी लागते. शाई काढणे आणि कागद पांढरा करणे या दोन भिन्न क्रिया आहेत, ही जाणीव या विषयाच्या इतिहासात मूलभूत महत्त्वाची आहे.

इंग्लंडमध्ये मॅथियास कूप्स यांनी 1800 साली छापील व लिखित कागदातून शाई काढून त्याचा लगदा करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यांचा भर दाहक अल्कलीवर होता. अल्कलीमुळे सुकलेल्या तेलाचे साबणीकरण होते, म्हणजे शाईला धरून ठेवणारा पापुद्राच साबण बनून विरघळतो. कूप्स यांनी आपल्या ग्रंथाची 1801 ची आवृत्ती अशा पुनर्निर्मित कागदावर छापली. त्यांचा कारखाना मात्र थोड्याच वर्षांत आर्थिक अडचणीत सापडून बंद पडला.

मुंबईत याच सुमारास देशी मुद्रणाची पायाभरणी होत होती. गणपत कृष्णाजी यांनी 1831 मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले. शाईदेखील त्यांनी स्वतःच तयार केली. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ 1832 च्या जानेवारीत निघाले. काजळ आणि डिंकाच्या शाईच्या जोडीला तेलाची शाई मराठी घरात आली ती या काळात. त्यानंतरच्या शतकभरात वर्तमानपत्रांचा प्रसार जसा वाढला, तशी रद्दीही वाढली. तिचा मुख्य उपयोग मात्र पुड्या बांधण्यासाठी आणि पुठ्ठ्यासाठी होत राहिला. कारण त्यांत शाई काढण्याची गरज नसते.

फेनतरण : खाणीतून कागदाकडे

विसाव्या शतकात या क्षेत्रात जो मोठा पालट झाला, त्याचा उगम खाण उद्योगात आहे. दळलेल्या धातुकात तेलकट द्रव्य व हवा मिसळली असता मौल्यवान कण फेसाला चिकटून वर येतात आणि माती खाली राहते. ही फेनतरण पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथील खाणींत यशस्वी झाली. 1930 च्या दशकात अमेरिकेत ती रद्दीच्या लगद्याला लावण्याचे पेटंट घेण्यात आले आणि 1950 च्या दशकात तिचा व्यापारी वापर सुरू झाला. येथे क्रम उलटा झाला : फेसाबरोबर वर येते ती टाकाऊ शाई आणि खाली उरतो तो उपयुक्त तंतू. धुण्याच्या जुन्या पद्धतीवरही मोठे कारखाने उभे राहिले. न्यू जर्सीतील गारफील्ड येथे 1961 मध्ये सुरू झालेला वृत्तपत्री कागदाचा कारखाना पूर्णपणे जुन्या वर्तमानपत्रांवर चालत असे.

या पद्धतीत कोणती द्रव्ये कोणते काम करतात, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. कॉस्टिक सोडा तंतूंना फुगवतो व शाईचा पापुद्रा सैल करतो. परंतु वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातील लिग्निन तसेच राहिलेले असते आणि अल्कलीत ते पिवळे पडते. तो पिवळेपणा रोखण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड घालावे लागते. पाण्यातील लोह, मँगनीज यांसारख्या धातूंच्या संपर्काने पेरॉक्साइड वाया जाते. म्हणून धातूंना बांधून ठेवणारी द्रव्ये व सोडियम सिलिकेट यांची जोड दिली जाते. सिलिकेट सुटलेल्या शाईला पुन्हा तंतूंवर बसू देत नाही. अखेरीस मेदाम्लांचा साबण शाईचे कण गोळा करून हवेच्या बुडबुड्यांना चिकटवतो.

येथे एक लक्षणीय विसंगती आढळते. कपडे धुताना दुष्फेन पाणी नकोसे असते, कारण त्यातील कॅल्शियममुळे साबणाची साय बनते. शाई काढताना नेमकी हीच साय हवी असते. कॅल्शियम साबणाचे जलविरोधी कण शाईला चिकटतात व तिला फेसाकडे नेतात. त्यामुळे पाणी मृदू असेल तर कारखान्यात कॅल्शियमचे क्षार मुद्दाम मिसळतात. धोबीघाटावरील दोष रद्दीच्या हौदात गुण ठरतो.

अंधेरीतील साबण, नेपानगरातील रद्दी

शाई काढण्यातील प्रमुख द्रव्य मेदाम्ल व त्याचा साबण हे असल्याने मुंबईच्या उपनगरांचा या रसायनशास्त्राशी जवळचा संबंध येतो. विक्रोळी येथे गोदरेज समूहाने मेदाम्लांचे उत्पादन दीर्घकाळ केले. अंधेरी पूर्वेला हिंदुस्थान लीव्हरचे संशोधन केंद्र 1967 मध्ये सुरू झाले आणि अखाद्य व दुर्लक्षित तेलबियांपासून साबणास योग्य तेल मिळवणे हा तेथील एक महत्त्वाचा विषय होता. माटुंग्याला मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग तेले व पृष्ठसक्रिय द्रव्ये यांचे शिक्षण देत होता. या संस्थांचे मुख्य लक्ष्य कागद नव्हते, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. तथापि कपड्यावरील तेलकट मळ आणि कागदावरील तेलकट शाई यांना सोडवण्याचे शास्त्र एकच आहे. मुंबईकडे ते शास्त्र होते आणि वर्तमानपत्रांची रद्दीही होती. ती रद्दी वृत्तपत्री कागदात परत नेण्याचा प्रश्न मात्र सातपुड्याच्या बाजूला उभा राहिला.

भुसावळ-खांडवा लोहमार्गावरील नेपानगर येथील कारखान्याची नोंदणी 1947 मध्ये ‘नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स’ या नावाने झाली. 1949 मध्ये त्याचे व्यवस्थापन मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने, म्हणजे नागपूरच्या शासनाने, हाती घेतले. 1955 मध्ये उत्पादन सुरू झाले आणि 26 एप्रिल 1956 रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण करण्यात आला. त्याच वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, तर नेपानगर मध्य प्रदेशात राहिले. सुमारे पाव शतक हा देशातील वृत्तपत्री कागदाचा एकमेव कारखाना होता.

हा कारखाना सालई व बांबू यांच्या भरवशावर उभारला गेला होता. जंगलाचा पुरवठा अपुरा पडू लागल्यावर तो रद्दीकडे वळला व तेथे शाई काढण्याचे संयंत्र बसवले गेले. पुढे काही वर्षे उत्पादन थांबले. नूतनीकरणानंतर 2022 मध्ये तो पुन्हा सुरू झाला, तो मुख्यतः वापरलेल्या कागदाच्या आधारावर. जंगल तोडून वर्तमानपत्राचा कागद करण्यासाठी स्थापन झालेला कारखाना अखेर वाचून झालेल्या कागदावर चालावा, हा बदल केवळ तांत्रिक म्हणता येणार नाही.

रद्दीचे वय आणि प्रकार

वर्तमानपत्राची शाई ताजी असताना सहज सुटते. मात्र उष्णता व काळ यांमुळे तिच्यातील बंधकद्रव्याचे ऑक्सिडीकरण होते व ती तंतूंना घट्ट धरते. कागदतज्ज्ञ यास उन्हाळ्याचा परिणाम म्हणतात. मुंबईतील घरांत रद्दी माळ्यावर महिनोन्‌महिने साठवण्याची रीत आहे. या दमट व उष्ण हवेत साठवणुकीचा प्रत्येक महिना पुढे कारखान्यातील रसायनांची मात्रा वाढवतो.

याउलट गुळगुळीत मासिकांची रद्दी योग्य प्रमाणात मिसळल्यास फायदा होतो, कारण त्यांवरील चिनी मातीचा लेप शाईचे कण फेसात ओढण्यास मदत करतो. रद्दीवाला मासिके वेगळी ठेवतो, तेव्हा हे मिश्रण ठरवणे कारखान्याला शक्य होते. तोच गठ्ठा मिसळीचा आला तर उत्तम रसायनही अपुरे पडते.

अंधेरीच्या संदर्भात आणखी एक बदल महत्त्वाचा ठरतो. मरोळची औद्योगिक वसाहत आणि 1973 मध्ये स्थापन झालेले सीप्झ यांच्या परिसरात गेल्या काही दशकांत कार्यालयांची दाटी झाली. छायाप्रती व लेझर मुद्रण यांचा कागद रद्दीत येऊ लागला. या कागदाचे तंतू उत्तम प्रतीचे असतात, परंतु त्यावरील टोनर ही शाई नसून वितळवून चिकटवलेले प्लास्टिक आहे. त्यात तेल नसल्याने अल्कलीला साबणीकरण करण्यासारखे काही मिळत नाही. लगदा करताना टोनरचे मोठे, चपटे पापुद्रे निघतात. फेनतरण साधारणपणे 10 ते 100 मायक्रॉनच्या कणांवर प्रभावी असते. त्याहून मोठे पापुद्रे फेसावरून घसरतात. तेलाच्या शाईसाठी दीडशे वर्षांत सिद्ध झालेली युक्ती अशा रीतीने एका यंत्राने निकामी केली.

पुण्यातील विकरे

टोनरवरील उपाय म्हणून 1990 च्या दशकाच्या आरंभापासून विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, विचार सुरू झाला. सेल्युलेज हे विकर टोनरला हात लावत नाही. ते तंतूच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म धागे कुरतडते आणि त्यामुळे टोनरचा आधारच सुटतो. परंतु सर्वपरिचित सेल्युलेज आम्लधर्मी माध्यमात काम करतात. कार्यालयीन कागदात भरणद्रव्य म्हणून कॅल्शियम कार्बोनेट असल्याने त्याचा लगदा अल्कधर्मी होतो. आम्ल घालावे तर कार्बोनेट विरघळून वायू सुटतो व भरणद्रव्यही जाते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सोनल व्यास आणि अनिल लचके यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचे महत्त्व येथे आहे. फ्युजेरियम या बुरशीच्या अल्कलीसहिष्णू प्रकारापासून मिळवलेले, अल्कधर्मी माध्यमात क्रियाशील राहणारे सेल्युलेज त्यांनी मिश्र कार्यालयीन रद्दीवरील शाई काढण्यासाठी वापरले. लगद्याला विकराजोगे करण्याऐवजी लगद्याजोगे विकर शोधण्याची ही दिशा होती. मात्र विकराची मात्रा व वेळ चुकली तर ते तंतूच कमकुवत करते, ही मर्यादा या पद्धतीला आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, शाई काढणाऱ्या रसायनांचा इतिहास हा स्वतंत्र नसून शाईच्या इतिहासाची छाया आहे. डिंकाला पाणी, तेलाला अल्कली व साबण, प्लास्टिकला विकर असा हा क्रम आहे आणि पुढची शाई आजच्या उपायाला मानेलच असे नाही. दुसरी, काढलेली शाई नाहीशी होत नाही. वर्तमानपत्री रद्दीचा बराच भाग शाई, चिनी माती व तुटके तंतू यांच्या गाळाच्या रूपाने मागे उरतो आणि त्याची विल्हेवाट हा कागदाच्या किमतीत सहसा न दिसणारा खर्च आहे. तिसरी, रसायनाचे यश कारखान्याच्या हौदात जितके ठरते, तितकेच ते रद्दीच्या दुकानात ठरते. वय व प्रकार पाहून गठ्ठे निराळे करणाऱ्या माणसाचे श्रम या इतिहासात नोंदले गेले नाहीत, तरी रसायनाची मात्रा त्याच्या हातावर अवलंबून राहिली आहे.

महाविद्यालयांतून दरवर्षी छायाप्रतींचे गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत जातात. उत्तम तंतू आणि सर्वांत हट्टी शाई त्यांत एकत्र असतात. हा कागद वर्तमानपत्रांत न मिसळता वेगळा बांधून देणे एवढी साधी कृती, पुढील कितीतरी कॉस्टिक सोडा व पेरॉक्साइड वाचवू शकते.