विजयदुर्ग आणि डॉक्टर जॉन्सन

गेल्या दिवाळींत आम्ही विजयदुर्गास गेलों होतों. १७५६ सालच्या फेब्रुवारींत याच खाडींत तुळाजी आंग्र्यांचें आरमार जळालें व वॉटसन आणि क्लाइव्ह यांनीं किल्ला घेतला. त्याच्या आदल्या वर्षीं, एप्रिल १७५५ मध्यें, लंडनमध्यें डॉक्टर जॉन्सनचा इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला होता. तटावर उभे असतां आम्हांस आठवण झाली ती या कोशकाराची. तिचें कारण शेवटीं सांगूं.

जॉन्सनची मान सारखी हाले, तोंड वेडेंवांकडें होई, घशांतून चमत्कारिक आवाज निघत. १७३५ सालीं सॉलिहलच्या शाळेंत त्यास मास्तरकी नाकारली गेली, तिच्या कारणांत हे चेहऱ्याचे चाळेही होते. आणि ते त्याच्या ताब्यांतले नाहींत हें नाकारणारांस ठाऊक होतें! चित्रकार होगार्थनें त्यास रिचर्डसनच्या घरीं खिडकीपाशीं डोकें हालवितांना पाहिलें व वेडगळ ठरविलें. तोच गृहस्थ पुढें येऊन राजाविरुद्ध असा अस्खलित बोलूं लागला कीं होगार्थ थक्क झाला, असें बॉस्वेल सांगतो.

१८८५ सालीं पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांतील झील द ला तूरेत यानें अशा नऊ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचा गुरु शार्को यानें व्याधीस शिष्याचें नांव दिलें. पुढच्याच वर्षीं रत्नागिरीस वेड्यांचें इस्पितळ निघालें. विजयदुर्ग तेव्हां त्याच जिल्ह्यांत होता. परंतु तूरेतची व्याधी म्हणजे वेड नव्हे, भूतबाधा नव्हे, कीं वाईट वळणही नव्हे. हालचालींस आवर घालणाऱ्या मेंदूंतील केंद्रांच्या कामांत तिचें मूळ असून आनुवंशाचा त्यांत मोठा भाग आहे. ती बहुधा पांच-सात वर्षांच्या वयांत दिसूं लागते, दहा-बारा वर्षांच्या सुमारास बळावते व पुढें पुष्कळांच्या बाबतींत ओसरते. तोंडीं अपशब्द येणें हें थोड्याच रोग्यांत आढळतें. शिंक जशी क्षणभर दाबतां येते, तशी ही हालचालही; पण दाबलेली ती पुन्हा उसळतेच. लक्ष तिकडे वेधलें कीं वाढते.

अध्यापनाच्या पहिल्या वर्षीं आमच्या वर्गांत विजयदुर्गाकडचा एक विद्यार्थी होता. तो मान झटकी व मध्येंच खांकरे. तो आमचा उपहास करतो असें समजून आम्हीं त्यास भर वर्गांत उभें करून बाहेर घालविलें. तो परत आला नाहीं. पुढें कळलें कीं घरच्यांनीं त्याच्यासाठीं देवापुढें गाऱ्हाणें घातलें होतें. त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांनीं निदान त्याचा दोष नाहीं एवढें तरी ओळखलें होतें. आणि आम्ही त्या दिवशीं शिकवीत होतों तें जॉन्सनचें चरित्र!

आज अशा मुलांस हालचालींस आवर घालण्याचें शिक्षण देतां येतें, जरूर तेथें औषधही आहे. परंतु या दोहोंच्या आधीं वर्गांत शिक्षकाचें वर्तन येतें. न टोकणें, न हिणविणें, आणि इतर मुलांस खरें कारण सांगणें, एवढ्यास विद्वत्ता लागत नाहीं. ती आमच्यापाशीं भरपूर होती, आणि कामास आली नाहीं.