वाद्याचा अभ्यास व त्याचा क्रम

सणाच्या मिस्सेंत व्हायोलिनचा शुद्ध स्वर कानीं पडला म्हणजे वादकास ईश्वरानें विशेष देणगी दिली आहे, असें आपण सहज म्हणतों. देणगी असते खरी. परंतु संगीताच्या थोर गुरुजनांचा इतिहास पाहतां, त्यांचा खरा भर अभ्यासाच्या क्रमावर होता असें आम्हांस दिसतें. त्यांतील कांहीं गोष्टी या ज्युबिलीच्या निमित्तानें वाचकांपुढें ठेवीत आहों.

अकराव्या शतकांत इटलींत ग्वीदो नांवाचा एक बेनेदिक्तीन मठवासी होऊन गेला. त्या काळीं मठांतील मुलें केवळ ऐकून स्तोत्रें पाठ करीत. गुरु जवळ नसला कीं शिक्षण खुंटे. ग्वीदोनें रेघांवर स्वर लिहिण्याची रीत सुधारली, आणि संत योहान बाप्तिस्ता याच्या एका लातीन स्तोत्राच्या चरणांतील आरंभींचीं अक्षरें घेऊन उत्, रे, मी, फा, सोल, ला अशी स्वरमाला शिकविली. पूर्वीं ज्या गायनास दहा वर्षें लागत, तें आतां एका वर्षांत, फार तर दोहोंत साधतें, असें त्यानें मिखाएल नामक मठबंधूस कळविलें. पोप एकोणिसावे योहान (१०२४-१०३२) यांनीं त्यास रोमेस बोलावून घेतलें, आणि पूर्वीं न ऐकलेला एक चरण लेखावरून गातां येईपर्यंत ते आसनावरून उठले नाहींत. मुलांचे कष्ट ग्वीदोनें वाढविले नाहींत; त्यानें त्यांस वाचावयास शिकविलें.

पुढें सातशें वर्षांनीं साल्झबुर्गच्या आर्चबिशपांच्या पदरीं असलेल्या लेओपोल्ट मोझार्टनें व्हायोलिन शिकविण्याविषयीं बारा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. तो १७५६ सालीं, पुत्र वोल्फगांग याच्या जन्मवर्षींच, प्रसिद्ध झाला. शिष्यास स्वरलेख व ताल नीट समजल्याची खात्री झाल्यावरच वाद्य त्याच्या हातीं द्यावें, असें तो बजावतो. मग गज टोंकापासून टोंकापर्यंत सावकाश व अखंड ओढण्याचा सराव. वाद्याच्या मानेवर अक्षरांच्या चिठ्ठ्या डकविणें त्यास मान्य नव्हतें. ज्यास कान आहे त्यास चिठ्ठी नको. ज्यास कानच नाहीं त्यानें व्हायोलिनऐवजीं लांकडें फोडण्याची कुऱ्हाड उचलावी, असें तो रोखठोक सांगतो!

याच पित्यानें १७५९ सालीं कन्येच्या शिक्षणासाठीं एक वही केली. तींत त्याची नोंद आहे कीं, वागेनझाइलची एक रचना वोल्फगांग २४ जानेवारी १७६१ रोजीं, पांचवा वाढदिवस तीन दिवसांवर असतां, रात्रीं नऊ ते साडेनऊ या वेळांत शिकला. अशा अलौकिक बालकापुढेंही एका वेळीं एकच पाठ ठेविला होता, आणि तो पुरा झाल्याची तारीख पित्यानें टिपून ठेविली.

ही वाचनाची परंपरा पोर्तुगीज अमदानींत गोमंतकांत रुजली. तेथील धर्मग्रामांच्या शाळांत संगीताचा मेस्त्र मुलांस सोल्फेज शिकवी व व्हायोलिनही शिकवी. या शिक्षणाच्या बळावर कित्येक गोमंतकीय वादक मुंबईच्या वाद्यवृंदांत व पुढें चित्रपटसंगीतांत नांवारूपास आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे देवळांतील गायनमंडळाच्या प्रमुखाचे पुत्र. त्यांच्यापाशीं शिकलेल्या प्यारेलाल यांनीं आपल्या जोडीदारासह १९७७ सालच्या एका चित्रपटगीतांत गुरूचें नांव अमर केलें.

आज एखादें गीत यंत्रावर ऐकून उचलणें मुलांस सोपें झालें आहे. त्यांत दोष नाहीं. पण तेवढ्यावरच थांबणारें मूल नवें पान पुढें आलें कीं अडतें, आणि कंटाळून वाद्य पेटींत ठेवितें. वडील वादक थकल्यावर त्यांची जागा मग कोणीं घ्यावी? म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलांस रोज अर्धाच तास बसवा, पण खंड पडूं देऊं नका. प्रथम हातानें ताल धरून स्वर वाचावे. मग सावकाश वाजवावे. जेथें बोट चुकतें तेवढाच भाग वेगळा काढून पुनः पुनः घ्यावा, आणि तो स्वच्छ आल्यावरच गति वाढवावी. पुढील ज्युबिलीच्या मिस्सेंत वाजणारे हात आज आपल्याच घरांत आहेत.