शनिवारवाड्यातील हाक

पुण्याच्या शनिवारवाड्यात रात्रीच्या समयी ‘काका, मला वाचवा’ अशी आर्त हाक ऐकू येते, ही दंतकथा आपल्या घरोघरीच्या बालकांसही विदित आहे. ती हाक श्रीमंत नारायणराव पेशव्यांच्या पिशाच्चाची, असे सांगतात. आम्ही जन्मभर मुलांस इतिहास शिकविला. म्हणून त्या कथेमागील वृत्तान्त थोडक्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

थोरल्या बाजीरावांनी १७३० च्या जानेवारीत वाड्याचा पाया घातला. १७३२ साली वास्तुशांत झाली. पुढे १७७२ च्या नोव्हेंबरात माधवराव निवर्तले व त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. चुलते रघुनाथराव त्या वेळी वाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी वाड्यात घुसले. अवघ्या अठरा वर्षांचे पेशवे धावत जाऊन चुलत्यांस बिलगले, पण व्यर्थ! चाफाजी टिळेकर या सेवकाने धन्याच्या अंगावर आपला देह झोकून दिला. तोही तेथेच कापला गेला. मूळ पत्रात ‘धरावे’ होते, आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले, अशी वदंता आहे. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार तीतूनच रूढ झाला.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावांस दोषी ठरविले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. परंतु ते प्रायश्चित्त रघुनाथरावांनी घेतले नाही. १७८३ साली ते कोपरगावी वारले.

ज्या महालांत हा घात झाला, ते १८२८ च्या फेब्रुवारीतील आगीत भस्मसात झाले. आज तट, दरवाजे व जोती तेवढी शिल्लक आहेत. मग हाक येते कोठून? आमच्या मते ती लोकांच्या अंतःकरणातून येते. ज्या अपराधाचे शासन झाले नाही, त्याचा विसर समाजास पडत नाही. तो त्याची भुताची गोष्ट करून ठेवतो.

मात्र त्या गोष्टीत भय तेवढे उरले. स्वामीसाठी प्राण देणारा चाफाजी आणि सत्ताधीशास अपराधी म्हणणारे रामशास्त्री तीतून गळाले. आपली मुले वाडा पाहावयास जातील, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्यांस हाकेबरोबर ही दोन नावेही सांगावीत, एवढीच आमची विनंती आहे.